निदान, निदान तरी करा : एका टू-स्ट्रोक इंजिनाच्या निमित्ताने

इंजिन खोलणे आणि इंजिन दुरुस्त करणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे विधान मुद्दाम करावे लागू नये इतके उघड आहे. तरीही व्यवहारात आपण या दोहोंत फरक करीत नाही. गाडी बिघडली की ती खोलली जाते, भाग बदलले जातात, बिल चुकते होते, आणि गाडी सुरू झाली याचा अर्थ ती दुरुस्त झाली असा लावला जातो. बिघाड का झाला हा प्रश्न या साऱ्या देवघेवीत कोणी विचारीत नाही. कोणी विचारलाच तर तो अतिशहाणपणा समजला जातो. प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. मराठीच्या अध्यापकाने या तेलकट भानगडीत का पडावे, असा आक्षेप आमच्या स्टाफरूममध्ये घेतला गेलाच आहे. त्याचा परामर्श पुढे घेईन. आधी प्रकरण सांगतो.

माझा भाचा मातीच्या ट्रॅकवरील शर्यतींत गाडी चालवतो. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिथे धावल्या त्या खास या कामासाठीच घडवलेल्या गाड्या. तालुक्याच्या मैदानावर धावणाऱ्या गाड्यांची जात वेगळी. रस्त्यावरची जुनी टू-स्ट्रोक घ्यायची, दिवे-आरसे-मडगार्ड उतरवायचे, मोठ्या गुट्ट्यांचे टायर चढवायचे, आणि झाली डर्ट बाइक तयार. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, पण तिची आणि तिच्या भावंडांची इंजिने अजून अक्षरशः धूळ खात पळत आहेत. भाच्याची गाडी याच जमातीतली. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष कंपनीचा नव्हता.

ही गाडी एका शर्यतीत, भर वेगात, ‘पकडली’. गॅरेजमधला हा शब्द नेमका आहे : पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो, आणि इंजिन जागच्या जागी पकडले जाते. साखळीने जोडलेले मागचे चाक त्याच क्षणी अडकते. क्लच दाबायला मिळाला तर माणूस वाचतो. भाच्याला मिळाला नाही, कॉलर-बोनवर निभावले. चारच महिन्यांपूर्वी हेच इंजिन असेच, पण हळू वेगात, पकडले होते आणि तेव्हा नवा ब्लॉक, नवा पिस्टन, नव्या रिंगा असे सगळे किट बसवून झाले होते. आता पुन्हा तोच सल्ला मिळाला : “सर, ब्लॉक-पिस्टनचं किट टाकून घ्या, टेन्शनच मिटलं.”

माझे भांडण या वाक्याशी आहे. चार महिन्यांपूर्वी किट टाकून टेन्शन मिटले नव्हते, तर आता ते कसे मिटणार? पहिला पिस्टन ज्या कारणाने गेला त्याच कारणाने दुसरा गेला असेल, तर तिसराही त्याच वाटेने जाणार. आणि तिसऱ्या वेळी कॉलर-बोनवर निभावेल याची हमी किटसोबत मिळत नाही.

म्हणून आम्ही ते इंजिन घरी, मागच्या पडवीत, तपासायला घेतले. हाताला झोळी असलेला भाचा पहिल्याच दिवशी उतावळा झाला. “मामा, डायरेक्ट खोलूया ना,” तो म्हणाला. मी त्याला खोलू दिले नाही. बंद इंजिन जे सांगते ते उघडे इंजिन सांगू शकत नाही. पॅकिंग एकदा फाडले की गळती कुठून होती याचा पुरावा नष्ट होतो. खोलणे हा तपासाचा शेवटचा टप्पा आहे, हे आपल्या परंपरेलाही नवे नाही. ‘निदान’ हा शब्द आपण आयुर्वेदाकडून घेतला. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ तर सर्वस्वी रोगनिदानालाच वाहिलेला आहे. वैद्यकाने निदानाची पाच अंगे मानली : निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. प्रत्यक्ष काम करताना माझ्या लक्षात आले की आम्ही नेमके याच पायऱ्या चढत होतो.

रूप, म्हणजे प्रकट लक्षण, सर्वांना दिसत होते : गाडी गरम झाली की ओढ जायची, आणि शेवटी ती पकडायची. पूर्वरूप मात्र कोणी लक्षात घेतले नव्हते. भाच्याला खोदून विचारल्यावर कळले की गेले कित्येक आठवडे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाची रेस चटकन उतरत नसे. त्याला हे आवडले होते; गाडी ‘जिवंत’ वाटते असा त्याचा समज. वस्तुतः ॲक्सिलरेटर सोडूनही रेस टिकून राहणे हे इंजिनात कार्बोरेटरला चुकवून हवा शिरत असल्याचे जुने, ओळखीचे चिन्ह आहे. प्लग काढला तर त्याचे टोक कॉफीच्या रंगाचे असायला हवे तिथे पांढुरके. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असे तो सांगत होता. पण एकट्या प्लगवर विसंबता येत नाही : मेन जेट लहान असेल, जेटमध्ये कचरा असेल, तरी प्लग पांढराच पडतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; जुन्या जेटवर तेही मिश्रण थोडे हलके करते. एका लक्षणाची कारणे अनेक असू शकतात, आणि निदानाची गरजही त्यामुळेच पडते.

पुढची पायरी उपशयाची : उपचार करून पाहायचा आणि रोग कसा प्रतिसाद देतो यावरून तो ओळखायचा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरला, काटा थांबेपर्यंत किका मारल्या. अशा लहान टू-स्ट्रोकला शंभर पौंडांच्या वर दाब यायला हवा. काटा ७८ वर अडला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा किका मारल्या. काटा १०५ वर गेला. तेलाने रिंग आणि भिंत यांच्यातली फट तात्पुरती बुजली, म्हणून दाब वाढला. अर्थात रिंगा आणि बोअर झिजले होते. किटवाल्याचे म्हणणे इथे वरकरणी सिद्ध होते. नवे किट टाकले असते तर काटा शंभराच्या वर निश्चित गेला असता. आकडा सुधारला असता आणि कारण तसेच राहिले असते. चार महिन्यांपूर्वी झाले ते हेच.

चार महिन्यांत नवे किट झिजते ते का, याचे उत्तर टू-स्ट्रोकच्या रचनेत शोधावे लागते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक फिरते ती खालची पेटी सिलिंडरला मिश्रण पुरवीत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण आधी त्या पेटीतच ओढले जाते, पिस्टन खाली येताना तिथे दाबले जाते, आणि मग पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे ही पेटी इंजिनाचे फुप्फुस आहे. क्रँकची दोन टोके जिथून बाहेर पडतात तिथे रबराची दोन ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि गाडी पांढरा धूर मारते. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर कोरडी हवा आत येते. धूर नाही, डाग नाही; फक्त मिश्रण हलके होत जाते, आणि पिस्टन तापत जातो.

हे तपासायचे यंत्र बाजारात मिळते, आमच्याकडे नव्हते. आम्ही आईचे रक्तदाब मोजण्याचे डायलचे यंत्र घेतले. (तिची परवानगी घेतली होती.) कार्बोरेटर आणि सायलेन्सर उतरवून दोन्ही तोंडे रबराने बंद केली. एका जुन्या प्लगचे चिनी मातीचे अंग फोडून त्याच्या लोखंडी कवचात एम-सीलने नळी बसवली, पिस्टन तळाला आणला, आणि फुगा दाबत डायल ३०० वर नेला. ३०० मिलिमीटर म्हणजे सुमारे पावणेसहा पौंड. या चाचणीला तेवढेच लागतात. धड इंजिनात काटा जवळजवळ स्थिर राहावा. आमचा मिनिटभरात शंभराच्या खाली आला. मॅग्नेट पुलरने काढून आत साबणाचे पाणी सोडले, आणि सीलच्या ओठाशी बुडबुड्यांची रांग उभी राहिली.

इथे थांबलो असतो तर तेही अर्धेच निदान झाले असते. सील का गेले? क्रँकचे टोक धरून वर-खाली हलवले तर ते हाताला जाणवेल इतके हलत होते. मेन बेअरिंग झिजले होते. आता पाचवे अंग, संप्राप्ती, म्हणजे रोग घडत जाण्याची साखळी, पूर्ण झाली : बेअरिंग झिजले, म्हणून क्रँकचे टोक डगमगले, म्हणून सीलचा ओठ घासला, म्हणून हवा शिरली, म्हणून मिश्रण हलके झाले, म्हणून पिस्टन तापला आणि पकडला. किट बसवणे म्हणजे या साखळीची शेवटची कडी बदलणे. बाकीच्या पाच कड्या तशाच ठेवून शेवटची कडी नवी करण्याला दुरुस्ती म्हणायचे का, हा माझा प्रश्न आहे.

यानंतरच इंजिन खोलले. पिस्टनवरचे ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला उभे आणि खोल होते. पिस्टनची ती बाजू सर्वांत जास्त तापते, म्हणून उष्णतेने पकडलेला पिस्टन तिथे बोलतो. चारही कोपऱ्यांवर ओरखडे असते तर बोअर आवळ मारला, किंवा थंड इंजिन एकदम रेमटवले, असा अर्थ झाला असता. पण कार्बोरेटरच्या बाजूलाही पिस्टन राखाडी, घासून निस्तेज झालेला दिसला. ती धुळीची सही होती. फोमचा फिल्टर आम्ही पेट्रोलमध्ये धुऊन, तेल न लावता, कोरडाच परत बसवत होतो. कोरडा फोम बारीक माती अडवीत नाही. हा दोष ना गॅरेजचा ना सीलचा, आमचा होता. निदानाचा कंटाळा अनेकांना का असतो याचे एक कारण मला इथे सापडले : प्रामाणिक निदान कधी कधी फिर्यादीलाच आरोपी करते.

पुढचे काम सांगण्यापुरते सांगतो. केसिंग स्क्रूड्रायव्हर घालून न उचकटता पुलरने वेगळे केले. क्रँक प्रेस करणे आणि बोअर मारणे ही घरची कामे नव्हेत. ती लेथवाल्याकडे दिली. ०.५० चा ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घेऊन तो हातात ठेवला आणि त्याच्या मापाने बोअर मारून घेतला, उलट क्रमाने नव्हे. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात, त्या हलक्या हाताने मोडल्या. नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, लॉक नवे, आणि लॉक बसवताना खालच्या पेटीच्या तोंडावर स्वच्छ फडके, कारण उडालेले लॉक नेमके तिथेच पडते. दोन्ही बेअरिंगे, दोन्ही सील नवी. शेवटी, पहिली किक मारण्याआधी, पुन्हा आईचे यंत्र : ३०० वरून पाच मिनिटांत २९०. त्यानंतरच पेट्रोल.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप व्यवहाराचा. गॅरेजवाल्याला एवढा वेळ कुठे असतो? मान्य आहे, आणि म्हणूनच मी त्याला गुन्हेगार ठरवीत नाही. तो किट सुचवतो कारण आपण फक्त किटचे पैसे देतो. जुना पिस्टन हातात ठेवला की गिऱ्हाईकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. दोन तास डायलकडे पाहत बसल्याचे पैसे मागितले तर तेच गिऱ्हाईक हुज्जत घालते. डॉक्टरची तपासणी-फी आपण मुकाट्याने देतो, औषध लिहून दिले नाही तरी देतो. मिस्त्रीच्या तपासणीला आपण काम मानतच नाही. हाताने काम करणाऱ्याने फक्त हातच चालवावेत, डोके चालवल्याचा मोबदला मागू नये, ही समजूत जुनी आहे आणि तिच्यामागे जातीची उतरंड उभी आहे, हे ‘गांवगाडा’ (१९१५) अभ्यासक्रमात वाचलेल्यांना तरी मी सांगायला नको. ज्या समाजात निदानाला किंमत नाही त्या समाजाला किटच मिळणार.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा, आणि तो आक्षेपाच्या नव्हे तर कौतुकाच्या रूपात येतो. “वा, म्हणजे झेनच की!” रॉबर्ट पर्सिगचे १९७४ चे पुस्तक न वाचलेलेसुद्धा हे वाक्य टाकतात. ज्यांनी ते वाचले त्यांना आठवत असेल की पर्सिग अवघड बिघाडासाठी वही ठेवायला सांगतो आणि प्रश्न, तर्क, प्रयोग, निष्कर्ष असे सारे क्रमाने लिहायला लावतो. आपण त्या पुस्तकातले झेन उचलले आणि वही तिथेच सोडली. इंजिनाकडे साहित्यिक माणूस वळला की त्याला ताबडतोब रूपक हवे असते : पिस्टन म्हणजे काळ, तेल म्हणजे करुणा, वगैरे. या रूपकांना माझा विरोध आहे, कारण त्यांना कोणी खोटे ठरवू शकत नाही. डायलचा काटा खोटे ठरवतो. मी प्लग पाहून जेटवर संशय घेतला होता आणि भाच्याशी पैज लावली होती. बुडबुड्यांनी मला त्याच्यासमोर खोटे पाडले. आपल्या क्षेत्रात शेवटचे असे कधी झाले होते?

आणि इथे स्टाफरूममधल्या आक्षेपाचे उत्तर येते. आपण कृतींचे काय करतो? कादंबरी फसलेली आहे असे जाणवते. कुठे आणि का फसली हे शोधायला पुनःपुन्हा वाचन, टिपणे, एखादे गृहीतक मांडून ते संहितेवर तपासणे, असा वेळखाऊ उद्योग करावा लागतो. त्याऐवजी आपण तयार किट बसवतो. कधी अस्तित्ववादाचे, कधी देशीवादाचे, कधी उत्तर-आधुनिकतेचे. प्रबंधाचा आकडा सुधारतो. गळती तशीच राहते. हे साम्य मी अलंकार म्हणून मांडत नाही. कारण शोधण्याचा कंटाळा ही एकच सवय आहे. ती गॅरेजमध्ये असते तशी विद्यापीठातही असते. फरक एवढाच की आपल्या किटमुळे कोणाचे हाड मोडत नाही, त्यामुळे आपली चूक उघडकीस येत नाही.

तिसरा मुद्दा भाषेचा. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला पिस्टनला ‘दट्ट्या’ आणि सिलिंडरला ‘वृत्तचिती’ म्हणायला शिकवले, मराठी विश्वकोशात ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ अशी नोंद आहे, आणि या श्रमांविषयी मला आदर आहे. पण इंजिन ‘पकडते’, ‘मिसिंग मारते’, ते ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’, बोअर ‘मारतात’, रेस ‘उतरत नाही’ : हीसुद्धा मराठी आहे, आणि निदान याच मराठीत होते. यातली नामे बहुतांशी इंग्रजी आहेत, हे खरे. पण क्रियापदे अस्सल मराठी आहेत, आणि बिघाड क्रियापदात असतो. भाच्याने “रेस उतरत नाही” या तीन शब्दांत जे सांगितले ते वृत्तचितीच्या मराठीत सांगायला परिच्छेद लागला असता. ही भाषा आपण ना कोशात घेतो, ना वर्गात. लोकसाहित्याच्या तासाला जात्यावरची ओवी शिकवताना आपला कंठ दाटून येतो; रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधली, आज बोलली जाणारी, श्रमाची भाषा मात्र आपल्याला अशुद्ध वाटते.

उपयोजित मराठीच्या नावाखाली आपण विद्यार्थ्यांकडून अर्ज, इतिवृत्ते आणि जाहिराती लिहून घेतो. त्यात एक लेखनप्रकार वाढवावा अशी माझी सूचना आहे : बिघाडाचा अहवाल. पंप असो, शिलाई मशीन असो, गाडी असो. विद्यार्थ्याने एका बिघाडाच्या तपासाशेजारी बसावे, काय दिसले, काय वाटले, काय करून पाहिले, कोणता तर्क खोटा ठरला, हे दोन पानांत, मिस्त्रीच्याच शब्दांत लिहावे, आणि तो कागद मिस्त्रीला वाचून दाखवावा. गुण मिस्त्रीने द्यावेत. हे वाक्य अभ्यास मंडळात मंजूर होणार नाही, याची मला कल्पना आहे.

भाच्याचे हाड जुळले आहे. गाडी नव्या पिस्टनवर रोडावत, कमी-जास्त ॲक्सिलरेटरवर, मधूनमधून थंड करत चालवून झाली. परवा त्याने फोन करून विचारले, “मामा, थोडा आवाज येतोय, किट तर गेलं नसेल ना?” मी त्याला एवढेच विचारले, की आवाज गार असताना येतो की तापल्यावर? त्याने सांगितले, पाहून कळवतो. अजून कळवलेले नाही; पण त्याने खोललेलेही नाही.